बेटावरच्या झाडाची पाटी

“मेलेल्या झाडाला इमानदारीनं पाणी घालत राहिलं, की साहेबाला आठवडाभर पत्ता लागत नाही,” असं म्हातारा एकदा जेवताना बोलून गेला आणि बायकोच्या हाती कायमचा सापडला.

उद्यानात तो चौतीस वर्षं माळी होता. नोकरीला नवा असताना दूरच्या बेटावरून आलेलं एक दुर्मीळ रोप त्याच्या स्वाधीन केलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात रोपानं मान टाकली. नोकरी जायच्या धाकानं यानं पंपघरामागं आपसूक उगवलेलं भलतंच रोप त्या आळ्यात लावलं. ते असं फोफावलं, की त्याला बेटावरच्या झाडाच्या नावाची पाटी मिळाली आणि माळ्याला प्रशस्तिपत्र. ते अजून घरात घड्याळाशेजारी टांगलेलं होतं.

निवृत्त झाल्यावर एका रविवारी तो पहिल्यांदाच तिकीट काढून आत शिरला, बायकोला आणि नातीला घेऊन.

“अहो, आधी तुमच्या लाडक्याला भेटूया ना!” आजी म्हणाली.

“गप गं. आधी संग्रहालय.”

तिथं पेंढा भरलेल्या अस्वलाला नात भ्यायली तर नाहीच, उलट त्याच्या पोटाची शिवण उसवल्याचं तिनं रखवालदाराला सुनावलं. मग काचेखालचं एक वाळकं पान ती शाळेच्या वहीत काढत बसली. त्या बेटावरच्याच झाडाचं पान. कडेला करवतीसारखे दाते.

बाहेर झाडाशी आल्यावर तिनं वही वर धरली आणि तिचा चेहरा पडला.

“आजोबा, याची पानं तर गुळगुळीत आहेत. माझंच चुकलं.” तिनं खोडरबर काढलं.

आजीनं नवऱ्याकडे पाहिलं. एक दाता खोडला गेला, दुसरा गेला.

“थांब,” म्हातारा म्हणाला. “तुझं बरोबर आहे. झाड चुकलंय.”

खिशातल्या चाकूनं त्यानं पाटीचे स्क्रू काढले. तिघं ऑफिसात गेली.

“साहेब, ते बेटावरचं झाड पहिल्याच उन्हाळ्यात मेलं. हे मी लावलंय.”

साहेब वयानं त्याच्या मुलाएवढे. पोटभर हसले. “काका, इतकी वर्षं खपलं ना? लोकांना सावलीशी मतलब. पाटी लावून टाका परत. उतारवयात नाव कशाला खराब करून घेता?”

सुटलो बाई, असं आजीला वाटलं. तेवढ्यात तिला दिसलं, नात उभ्याउभ्याच खोडलेले दाते पुन्हा काढत होती.

म्हाताऱ्यानंही ते पाहिलं. टेबलावरची पाटी काखेत मारली आणि झाडाकडे न वळता तो थेट फाटकातून बाहेर पडला.