बेल काढलेलं घर

शेवटच्या दिवशी सकाळी ताईचा ताप उतरला आणि आम्ही वेड्यासारखे खूश झालो. आई म्हणाली, "आता उठेल बघ." दर तापातून उठायचीच ना, थोडी कमी होऊन. पण उठली नाही. नुसता पाय हलत होता चादरीखाली, शिलाई मशीन चालवल्यासारखा.

ताई माझी थोरली बहीण. शिवणकाम करायची. कॉलर बसवावी तर तिनेच. मग तोल जायला लागला, प्रत्येक तापानंतर जास्तच. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, शरीरात सगळीकडे प्रोटीन बनत असतं, ते काम चालू करून देणारं एक काहीतरी असतं, ते हिचं जन्मापासून अधू. आईकडून एक खोट आली, बाबांकडून एक. ताप आला, डोकं आपटलं, नुसतं दचकलं तरी ते काम अडतं. आपलं परत सुरळीत होतं, हिचं होत नाही. मेंदूतला पांढरा भाग विरत जातो.

ताई म्हणाली, "म्हणजे मशीन चालू करताना चाकाला हात देतो, तो हातच लुळा."

"तसंच काहीसं."

"मग औषध?"

"बरं करणारं नाही. जपायचं."

बाबांनी त्याच दिवशी बेलची वायर काढली. दार आपटायचं नाही, भांडं पाडायचं नाही. खोलीत जायचं तर लांबूनच गुणगुणत जायचं, म्हणजे ती दचकणार नाही. घर कसं पाण्याखाली गेल्यासारखं झालं, मऊ मऊ. गिऱ्हाइकं पण जिन्यापासून गुणगुणत यायची. ताई डोळे मिटून ओळखायची कोण ते. बाबा आले की म्हणायची, "आली बघा गळकी तोटी."

"तुझ्यासाठी गातोय कार्टे, दाद दे!"

त्या दिवशी दुपारी आम्ही तिघंही उशाशी बसून गुणगुणत होतो. पाय थांबला. आम्ही गुणगुणतच राहिलो, कितीतरी वेळ. थांबायचं कसं तेच कुणाला सुचेना.

पुढे भेटायला माणसं यायला लागली म्हणून बाबांनी वायर परत जोडली. आणि बेल वाजली. इतक्या वर्षांनी, केवढ्यांदा!

बाबा दाराकडे गेलेच नाहीत. ताईच्या खोलीत धावले. मी मागून गेले तर पलंगावर वाकून उभे, रिकाम्या उशीच्या दोन्ही बाजूंना हात धरून, तिचे कान झाकल्यासारखे.

बेल परत वाजली. मी दार उघडायला गेले, गुणगुणतच.