अळणी भरीत

खडकीहून रोज बसने येणारी अस्मिता कोथरूडच्या एका विमा कार्यालयात नवीन होती. दुपारी सगळ्याजणी एकत्र डबे उघडायच्या. ती बौद्ध कुटुंबातली आहे हे कळल्यावरही कुणी काही बोललं नाही. उलट तिची भाजी चमचाभर वाढून घ्यायच्या आणि "छान झालीय" म्हणायच्या. तिला बरं वाटायचं.

एके दिवशी तिने वांग्याचं भरीत आणलं. डबा सगळ्यांसमोर उघडून ठेवला, तोच साहेबांनी बोलावलं. ती जेवायला उशिरा आली, तेव्हा बाकीच्यांनी नेहमीसारखं चमचाभर भरीत वाढून घेतलं होतं आणि त्यांचं आटोपत आलं होतं. पहिल्याच घासाला तिच्या लक्षात आलं, सकाळच्या घाईत मीठ घालायचं राहूनच गेलं होतं. ती ओशाळली.

"कल्याणीताई, भरीत कसं होतं हो?"

"अप्रतिम! मीठमसाला अगदी बेताचा."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

अस्मिता म्हणाली, "मीठ घातलंच नव्हतं, ताई. कुणी खाल्लं असतं, तर कळलं असतं."

कुणी वर पाहिलं नाही. कल्याणीताई डबा धुवायला उठल्या. अस्मिताने एकटीने ते अळणी भरीत कसंबसं संपवलं.

संध्याकाळी घरी आईने विचारलं, "आवडलं का गं त्यांना?"

"आवडलं," अस्मिता म्हणाली आणि तोंड धुवायला आत गेली.