बाय नसताना चालणारा सर्व्हर

लिनक्सबायशी वाद घालायला गेलं की आधी तीच आपली बाजू मांडायची, आणि आपल्यापेक्षा चांगली मांडायची.

पेडण्याहून बसने येणारी ही बाई आमच्या डिचोलीच्या छोट्या हॉस्पिटलचा सर्व्हर सांभाळायची. सगळ्या पेशंटांचे रिपोर्ट त्यातच, आणि त्यावर संगणक चालवणारी लिनक्स प्रणाली, म्हणून ती लिनक्सबाय. पणजीचा एक विक्रेता ‘विंडोज घ्या’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागला, तेव्हा वाटलं, ही त्याला फाडून खाणार. हिने त्याला चहा पाजला आणि स्वतःच विंडोजचे गुण गायले: माउसने चालतं, शिकायला सोपं, अडलं तर जाणकार कुठेही मिळतो. “जां बरां तां बरां म्हणूक जाय. मागीर भांडूंया,” हे तिचं नेहमीचंच. मग भांडली. लिनक्स महिनोन्‌महिने न थांबता चालतो, जुन्या यंत्रालाही झेपतो, लायसन्सचा खर्च नाही. विक्रेत्याचा चहा तसाच निवला.

परीक्षाही तिनेच ठेवली. दोन यंत्रं शेजारी मांडली, दोन्ही मुद्दाम बिघडवली आणि रिसेप्शनवरच्या सुजाताला नि मला, म्हणजे हिशेबनिसाला, पुढे ढकललं. “मी हात लावचंय नाय.” सुजाताने विंडोज हां हां म्हणता सुरू केलं. लिनक्सच्या काळ्या पडद्यासमोर मी घामाघूम. डॉक्टर हसले. बाय हसली नाही. वास्कोला तिची आई अंथरुणाला खिळली होती. महिन्याभरात नोकरी सोडून ती तिकडे कायमची जाणार होती. तिच्यामागे लिनक्स टिकणार नाही, हे तिने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

पण हार मानेल तर ती बाय कसली! तिने डॉक्टरांकडून तो महिना मागून घेतला आणि रोज दुपारी आम्हा दोघांना त्या पडद्यासमोर बसवलं. पोटात कावळे ओरडत असताना कमांड सुचतात का कुणाला? मी जाम चिडायचो.

“पयलां सर्व्हर उठय, मागीर जेव,” एवढंच उत्तर.

ती जायच्या आधी पुन्हा तीच परीक्षा झाली. या वेळी आम्ही लिनक्स उठवला. डॉक्टरांनी तोच ठेवला.

ती गेली, आणि पुढे एका सकाळी सर्व्हर खरंच पडला. पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर जायचा होता, रिपोर्ट आत अडकलेले. मी वास्कोला फोन लावला. “बाय, सर्व्हर पडलो गो!”

“शिकयलंय मां?” म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

मी तिला मनसोक्त शिव्या घातल्या. मग सुजाता नि मी कामाला लागलो. दोनदा चुकलो, पण सर्व्हर उठला, रिपोर्ट वेळेत डॉक्टरांच्या हातात गेले.

पुन्हा फोन केला. “सर्व्हर उठयलो गो, बाय.” पलीकडे बराच वेळ नुसतं मुसमुसणं. मग म्हणाली, “बरां जालां. आता माजी गरज नाय तुमकां.”

सर्व्हरला नव्हती, हे खरंच. आम्हाला होती.