वरची दाढ आणि माझी नजर

राहुरीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, मिसरी लावता का?" आणि मी सुनेच्या समोर बेधडक सांगून मोकळी झाले, "सोडली की मागंच."

खोटं बोलले, बरं का. तव्यावर भाजलेली तंबाखू कुटायची आणि बोटानं दातांना चोळायची. आमच्या देवळालीत माझ्या वयाच्या बायकांना त्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. इतकी वर्षं बोट फिरून फिरून माझे दात हिरड्यांपाशी असे झिजलेत, जशी उसाच्या कांडीला कोयत्याची खाच पडावी. त्यात वरची डावी दाढ किडून पोकळ झालेली. बाई म्हणाल्या, काढायची नाही, वाचवू. मुळातली कीड साफ करायची, भरायचं आणि वर कॅप बसवायची.

"काढायची नाही" एवढं ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. दुखण्याचं मला काही नव्हतं, मला भीती होती डोळ्यांची. वरच्या दाढेची शीर डोळ्याला गेलेली असते, दाढ काढली की नजर जाते, हे लहानपणापासून ऐकलेलं. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी वरच्या दोन दाढा काढल्या आणि वर्ष-दीड वर्षात त्यांना दारातलं माणूस ओळखेना. आणि मी तर शाळेची पायरी न चढलेली. वाण्याच्या पुडीचे कागद आणि एसटीच्या पाट्या यांवरून अक्षरं जुळवत पन्नाशीत वाचायला शिकले. तेवढं एक माझं स्वतःचं. तेच गेलं तर?

त्या दिवशी दाढ आतून साफ झाली, वर तात्पुरतं सिमेंट भरलं. आठ दिवसांनी या म्हणाल्या. तीन दिवस मी मिसरीवाचून कसेबसे काढले. चौथ्या दिवशी मोरीत गेले, डबी उघडली. जरा जोरात बोट फिरलं आणि चूळ भरताना सिमेंटचा खडा बाहेर पडला.

आता हे सुनेला सांगायचं म्हणजे मिसरीचंही सांगावं लागणार. मग मी काय केलं, तर त्या भोकात चिमूटभर मिसरीच दाबली. ठणका लागला की आम्ही तेच करतो. आठव्या दिवशी गाल टम्म.

बाईंनी तोंडात आरसा घातला. "आजी, दाढेत मिसरी कुठून आली?"

सून म्हणाली, "आत्याबाई, तुमी तर सोडली हुती ना?"

"सोडलीच हुती," मी म्हणाले, "तीच मला सोडंना."

सून हसली. बाई हसल्या नाहीत. दाढेचा एक्स-रे फोटो काढला, तो बराच वेळ बघत बसल्या. म्हणाल्या, "आत पू झालाय. औषध घालून बघते. उतरलं तर ठीक, नाहीतर दाढ काढावी लागेल."

बोलायचं नव्हतं तेच तोंडून गेलं. "बाई, काढू नका. मला वाचता यायचं न्हाई." आणि मग जाऊबाईंचं सगळं सांगितलं.

बाई स्टूल ओढून जवळ बसल्या. "त्यांना मोतीबिंदू होता का?"

"व्हता. नंतर कळलं."

"मग त्यानंच नजर गेली, आजी. दाढेचा आणि नजरेचा काही संबंध नाही."

मी मान हलवली. पण इतक्या वर्षांची भीती अशी एका वाक्यानं जाते का? पुढचे आठ दिवस सकाळी उठल्याबरोबर मी एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायची, मग दुसरा झाकून. डबी मी होऊन सुनेच्या हातात दिली. हात मात्र दिवसभर कमरेच्या पिशवीपाशी जायचा आणि रिकामा यायचा.

पुन्हा गेलो. सूज उतरली होती. बाईंनी आरशाच्या दांडीच्या टोकानं दाढेवर टकटक केली. "दुखतंय?"

दुखत होतं. फार नाही, आत कुठंतरी कळ जात होती. न्हाई म्हणाले असते तर त्याच दिवशी भरून टाकली असती आणि काढण्याची भाषा मिटली असती. व्हय म्हणाले तर काय सांगतील कोण जाणे. सून माझ्याकडंच बघत होती.

"थोडं दुखतंय," मी म्हणाले.

"बरं झालं सांगितलंत," बाई म्हणाल्या. "तशीच बंद केली असती तर आत पुन्हा पिकली असती. मग काढण्यावाचून इलाज नव्हता." त्यांनी दाढ परत धुतली, औषध बदललं आणि वर नवीन सिमेंट भरलं. कॅपचं मात्र अजून नक्की सांगत नाहीत. दुखायचं थांबलं तरच, म्हणतात.

येत्या मंगळवारी परत टकटक होणार आहे. तोवर मी सगळं उजव्या बाजूनं खाते, दूधभाकरीसुद्धा, आणि जिभेनं ती दाढ सारखी चाचपून बघते. सून म्हणते, जीभ तरी जरा गप ठेवा.