सात्या निर्दोष आहेत

शकुनबाई कोणाच्याही घरी गेल्या, की आधी चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलून बघत आणि मगच घरच्यांची खुशाली विचारत. आमच्या सिंदेवाहीच्या साप्ताहिकात त्या वीस वर्षं रानातल्या जेवणावर लिहीत होत्या. बांबूचे कोवळे वास्ते, बोडीच्या तळ्यातले झिंगे, पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणारी सात्या नावाची अळिंबी, काही म्हणून सुटलं नाही. तो मजकूर माझ्या दुकानात टाइप व्हायचा आणि टाइप करता करता मला हटकून भूक लागायची.

एक दिवस म्हणाल्या, "गजानन, आता मी खून लिवनार हाय."

"काऊन बाई?"

"भाजी कशी करावं, हे बायाच वाचतेत, अन् त्यायले ते येतेच. खून सगळेच वाचतेत."

कादंबरी झाली. लग्नाच्या पंगतीत एक ठेकेदार मरतो. सात्यांची भाजी रांधणाऱ्या राधीवर आळ येतो. राधी स्वतःच छडा लावते, की भाजी निर्दोष होती. पुतण्यानं कपाशीवर फवारायचं औषध काकाच्या ताकात मिसळलं होतं. मधेमधे सात्या कशा ओळखाव्यात, कशा शिजवाव्यात, हेही बाईंनी बेमालूम घुसवलेलं.

शहरातल्या एका प्रकाशकाला ती आवडली. त्याची एकच अट माझ्या मेलवर आली: ठेकेदार सात्यांनीच मरावा. जंगलातलं विष म्हटलं की वाचक दचकतो, म्हणे. बाई सत्तरीच्या पुढे, त्यात छातीचं दुखणं. त्यांनी आपलं पुस्तक डोळ्यांनी बघावं, असं मला फार वाटे. म्हणून त्यांना न विचारताच मी शेवट बदलला, राधीला खुनी केलं आणि पाठवून दिलं. होकार आला.

मी मोठ्या आनंदानं बाईंच्या हाती प्रिंट ठेवली. बाकावर बसून त्यांनी शेवटचं प्रकरण वाचलं.

"हे कोनं लिवलं?"

"बाई, एवढंच तर बदललं. पुस्तक निघू तर द्या."

"एवढंच? बाजारात बाया सात्या घेऊन बसतेत. हे वाचून कोन घेईन त्यायच्या? वीस वर्षं मी सांगून राह्यली, रान खाऊ घालते. आता त्याच हातानं लिवू, रान मारते म्हनून?"

त्यांनी माझ्याच फोनवरून प्रकाशकाला सुनावलं, "साहेब, मानूस मानसानं मारला हाय. तसंच छापाचं असंन तं छापा, नाई तं राहू द्या."

त्यानं राहू दिलं. बाई माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. मग पाऊस लागल्यावर एक दिवस आल्या आणि टेबलावर डबा आदळला.

"खा. सात्या हायेत. मेला तं सांगजो."

मी डबा चाटूनपुसून खाल्ला. खाताना रडू येत होतं, ते त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

त्या हिवाळ्यात बाई गेल्या. पंधरा दिवसांनी प्रकाशकाचा फोन आला. वाईट झालं, वगैरे म्हणाला. मग हळूच विचारलं, "आता त्या शेवटाला हरकत घेणारं कोणी उरलं नाही ना?"

"आहे," मी म्हणालो. "मी आहे."