दोन श्वासांचा अवधी

प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘अ‍ॅसिडकाका’ म्हणत. एकोणीस वर्षे कंत्राटी माणसाचे नाव विचारण्याची तसदी कुणी घेतली नव्हती.

काम मात्र नाजूक होते. सौरघटासाठीची सिलिकॉनची चकचकीत चकती तिसऱ्या हिश्श्याहून अधिक प्रकाश परतवून लावते आणि परतलेल्या प्रकाशाची वीज होत नाही. म्हणून तो चकत्या आम्लात बुडवी. पृष्ठभागावर केसाहून शेकडो पटींनी बारीक सुया उभ्या राहत, प्रकाश त्यांत अडके, चकती काजळासारखी काळी होई. मात्र सुया अधिक लांबल्या की वीज पृष्ठभागावरच मरते. म्हणून छतावरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब चकतीत दिसेनासे झाले की तो दोन श्वास थांबे आणि चिमट्याने ती उचले. विभागप्रमुखांचा सारा लौकिक त्या चकत्यांवर उभा होता.

कायम नेमणुकीच्या मुलाखतीत समितीने विचारले, “नेमके किती सेकंद?”

“ते आम्लावर आहे, साहेब. मी श्वास मोजतो.”

“प्राणायाम शिकवता की काय?” एक सदस्य म्हणाले. हशा पिकला. विभागप्रमुख पाण्याच्या पेल्याकडे पाहत राहिले. शेरा पडला : ‘पद्धत अशास्त्रीय.’

दोन महिन्यांत कॅमेरा लावलेले यंत्र आले. प्रतिबिंब गेले की सात सेकंदांनी ते चकती उचलू लागले. विभागप्रमुखांच्या नव्या शोधनिबंधात यंत्र पुरवणाऱ्यांचे आभार होते. त्याच्या कंत्राटाला मुदतवाढ नव्हती.

पण यंत्रातून सोमवारी उत्तम चकत्या निघत आणि गुरुवारी बिघडलेल्या. बायकोला हे कळले तेव्हा तिने बजावले, “आता तोंडाला कुलूप घाला. अडला हरी येईल पाय धरायला. आधी नेमणुकीची ऑर्डर हातात घ्या, मग बोला.”

शेवटच्या दिवशी तो कपाटाची किल्ली परत करायला गेला. विभागप्रमुख दारातच भेटले, हातात बिघडलेल्या चकत्यांचा ट्रे.

“काका, बघा हो जरा. असं का होतंय?”

“माझ्या ऑर्डरचं काय झालं, सर?”

“बघू या की. वरती शब्द टाकतो.”

‘बघू या’चा अर्थ एकोणीस वर्षांत त्याला पाठ झाला होता. मग ट्रेमधली एक चकती त्याने उजेडात तिरकी धरली. काळ्यावर राखाडी डाग पसरलेला; सुया अर्ध्याच वाढलेल्या. दुसरीही तशीच, तिसरीही. आपले पोटचे पोर कुणी उघड्यावर टाकलेले पाहावे तसे त्याला झाले.

“आम्ल शिळं होतं, सर,” तो कळवळून म्हणाला. “दोन दिवसांनी एक श्वास वाढवायचा. चौथ्या दिवशी आणखी एक. मग ओतून द्यायचं.”

विभागप्रमुखांनी ते उभ्या उभ्या लिहून घेतले, एकदा वाचून खात्री करून घेतली आणि पेन खिशाला लावत रखवालदाराला हाक मारली, “यांचा पास जमा करून घ्या.”