सातवी घोडी

रत्नप्रभेचं माहेरचं आडनाव पागनीस. ग्वाल्हेर संस्थानात तिच्या कुणा पूर्वजाने घोड्यांच्या पागेचं दप्तर सांभाळलं होतं म्हणे. संस्थान गेलं, पागा गेली, पण घोड्यांचं वेड मधल्या सगळ्या कारकुनांना टाळून थेट या पोरीच्या अंगात शिरलं. लग्नानंतरही ती चित्राखाली सही 'पागनीस' अशीच करायची. नवऱ्याने, विश्वनाथ देवधराने, एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाली, "देवधरांच्यात घोडा ओळखतो कोण?"

विश्वनाथ भोपाळच्या सरकारी कारखान्यात फोरमन. हीसुद्धा तिथल्याच नकाशांच्या कचेरीत ट्रेसर म्हणून लागली. दिवसभर यंत्रांच्या रेषा गिरवायच्या आणि मधल्या सुट्टीत रद्दी कागदांच्या पाठीवर नीलगायी, कोल्हे, बगळे काढायचे. रविवारी सायकल काढून ती शाहपुऱ्याच्या तळ्याकाठी जाऊन बसायची. तेव्हा तिथे बंगले कमी आणि पाखरं जास्त होती. वसाहतीतल्या बायका नाकं मुरडायच्या, "हिला घरात काम नाही का?"

"आहे की," ती म्हणायची, "पण ते उडून जात नाही."

तिची खरी मैत्रीण म्हणजे चमेली. टी. टी. नगरच्या अड्ड्यावर टांगा लावणाऱ्या अच्छे मियाँची तपकिरी घोडी. साजाचा पट्टा घासून घासून तिच्या खांद्यावर चंद्रकोरीसारखा उघडा डाग पडला होता. पुढे टेंपो वाढले आणि टांग्याचा धंदा बसला. अच्छे मियाँनी टांगा मोडीत काढला, घोडी मात्र विकली नाही. "बाई साब, इसने मेरे बच्चे पाले हैं, इसे कैसे बेच दूँ?" चमेली तळ्याकाठी मोकळी चरायची आणि दुपारी उभ्याउभ्याच डुलकी काढायची, एक मागचा पाय जरा सैल सोडून. एका थंडीत ती मेली. रत्नप्रभेने कचेरीत घरचं माणूस गेल्याचं सांगून रजा घेतली. आपण खोटं बोललो असं तिला जराही वाटलं नाही.

त्याच वर्षी वसाहतीत नवं सभागृह उभं राहिलं. मंचामागे ही भली मोठी कोरी भिंत. वसाहत समितीचे अध्यक्ष माथुर साहेब स्वतः तिच्या दारात आले. "मिसेस देवधर, दीवार आपकी. घोडे बनाइए." जन्मभर रद्दी कागदांवर भागवलेल्या बाईला कुणी भिंत देतंय! तिने लगेच होकार दिला. किती घोडे, कसे घोडे, हे विचारायचं भानच राहिलं नाही. साहेबांनीही सांगितलं नाही. अख्ख्या वसाहतीत ज्याच्या त्याच्या दिवाणखान्यात शुभ म्हणून सात पांढरे घोडे उधळलेले होते. घोडे म्हणजे तेच, यात सांगायचं काय?

रत्नप्रभेने भिंतभर चमेली काढली. तळ्याकाठी उभी, डोळे अर्धे मिटलेले, खालचा ओठ सैल, खांद्यावर तो डाग, पाठीवर बगळा. आयुष्यात एवढं चांगलं काम आपल्या हातून झालेलं नाही, हे तिचं तिला कळलं होतं.

माथुर साहेब चित्रासमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पडला. "ये तो सो रहा है!"

"रही है. घोडी है."

"फॅक्टरी के हॉल में सोता हुआ जानवर? लोग क्या कहेंगे?" त्यांना सात हवे होते, पांढरे हवे होते, पळणारे हवे होते.

"सात घोडे ऐसे भागते हैं तो किसी से डर के ही भागते हैं," रत्नप्रभा म्हणाली. "फिर पीछे शेर भी बनाना पडेगा."

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला.

घरी विश्वनाथ समजावू लागला, "प्रभा, साहेबांशी वाकडं कशाला? काढ ना सात पांढरे. तुझं काय जातं?"

"चमेली जाते," ती म्हणाली आणि भिंतीकडे फिरकली नाही.

साहेबांनी भिंतीवर चुना मारून घेतला. त्या दिवशी मात्र ती गेली, सभागृहात मधोमध उभी राहिली आणि सगळ्यांदेखत रडली. चमेली दुसऱ्यांदा मेली होती, मग लाजायचं कुणाला? सिनेमाच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने सात पांढरे घोडे काढून दिले. घोडे देखणे होते आणि एकाच्याही डोळ्यात काही नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मंचावर महिला मंडळाच्या स्वागतगीताची तालीम चालली होती. रत्नप्रभा रंगाचे डबे घेऊन आली, पदर खोचला आणि शिडीवर चढली. गाणं थांबलं. कुणीतरी विश्वनाथला कळवलं. तो धापा टाकत आला. "अगं, नोकरीवर गदा येईल!"

"येऊ दे. शिडी हलतेय, जरा धरा."

विश्वनाथने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं आणि शिडी धरली.

उद्घाटनाच्या सकाळी माथुर साहेब आत आले ते मंचापाशीच थबकले. भिंतीच्या डाव्या कडेने पट्टेरी वाघाने झेप घेतली होती. सहा पांढरे घोडे आता खरोखरच जीव घेऊन पळत होते. सातवी पळत नव्हती. ती तपकिरी होती, खांद्यावर तोच चंद्रकोरीसारखा डाग होता, कान मागे पाडलेले होते. वाघाचा पंजा तिच्या मागच्या मांडीत रुतला होता आणि तिच्या मागच्या दोन्ही टापा वाघाच्या जबड्यावर बसल्या होत्या. वाघ पुसायचा तर घोडीही पुसावी लागणार, अशी दोघं एकमेकांत अडकली होती.

"मिटाओ इसे!" साहेब ओरडले. माणूस चुन्याची बादली घेऊन धावत आला.

पहिल्या रांगेत बसलेली रत्नप्रभा उठलीसुद्धा नाही. "मिटाइए," ती म्हणाली. "छह बचेंगे."

साहेबांनी बोटाने घोडे मोजले. बादलीवाला वाट पाहत होता. साहेबांनी पुन्हा मोजले. मग खालच्या कोपऱ्यातली सही वाचली, पागनीस, आणि बादली बाहेर न्यायला सांगितली.